कास्तकार कोणाले म्हणता?

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी ग्रीक नीतिविचाराचा पेपर घेणाऱ्या आम्ही दोघीच होतो. मी वर्धेतली, वडील पोस्टात. वर्षाली मडावी जवळच्या आंजी गावची. ती सकाळची एस.टी. धरून यायची आणि दप्तर खाली ठेवायच्या आधीच वाद सुरू करायची. आमचे ढगे सर दोन मुलींसाठीसुद्धा फळ्यावर तारीख लिहायचे, विषय लिहायचे आणि मग खिडकीबाहेर बघत शिकवायचे. त्यांना वाटे, आपण कुणाला तरी शिकवतोय याची खिडकीला तरी खात्री असावी.

वर्षालीनं तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा घरात कुणालाच ते पटलं नव्हतं. तिचा काका म्हणाला होता, "तत्त्वज्ञान शिकून का करशीन? भजनी मंडळ काढशीन का?"

"नाई काका," ती म्हणाली, "तुमाले प्रश्न इचारीन."

त्यानंतर काका दिवाळीपर्यंत तिच्याशी बोलला नाही.

एक तास मला चांगला आठवतो. सर सांगत होते, सॉक्रेटिसाच्या शिष्याचा जो शिष्य, त्याचं म्हणणं असं की एखादी गोष्ट चांगली कशानं ठरते हे बघायचं तर आधी तिचं काम काय ते बघा. बासरीवाल्याचं चांगलेपण बासरी वाजवण्यात. आणि माणूस न्यायी कसा होतो? न्यायानं वागून वागूनच. न्यायावरचं पुस्तक पाठ करून नाही.

वर्षालीनं हात वर केला. दोघींच्या वर्गात हात वर करायची काही गरज नव्हती, पण ती करायची. "म्हणजे सर, बासरी ज्याच्या मालकीची तो बासरीवाला नाही. वाजवतो तो."

सरांनी खिडकीकडची मान वळवून तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, "हे मी लिहून दिलेलं नाही. पण बरोबर आहे."

एम.ए. झालं. मी बी.एड. करून शाळेत लागले. वर्षालीनं दोन वर्षं अर्ज भरले. पिपरी मेघेत एक खोली भाड्यानं घेऊन दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. मुलाखतीत तिला एकच प्रश्न असायचा, तत्त्वज्ञानाचा उपयोग काय. एका ठिकाणी ती म्हणाली, "उपयोग म्हणजे काय ते आधी सांगा." तिथली नोकरी अर्थातच मिळाली नाही.

मग एका संशोधन संस्थेनं पिपरी मेघेतच, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, छोटं कार्यालय उघडलं. जाहिरातीत चक्क लिहिलं होतं: तत्त्वज्ञानाची पदवी असल्यास प्राधान्य. वर्षालीनं ते कात्रण मला आणून दाखवलं. तिला वाटलं छापण्यात चूक झाली असावी.

चूक नव्हती. ते लोक शेतीचा सल्ला देणाऱ्या एका मोबाइल ॲपसाठी ऑन्टोलॉजी बनवत होते. आम्ही पुस्तकात ज्याला सत्ताशास्त्र म्हणून शिकलो, म्हणजे जगात काय काय आहे आणि ते कशा-कशा प्रकारचं आहे याचा विचार, त्याचंच हे आजचं कामाला जुंपलेलं रूप. पीक म्हणजे काय, कीड म्हणजे काय, वावर म्हणजे काय, कोण कोणाचा भाग आणि कोण कोणाचा प्रकार, हे सगळं इतकं काटेकोर लिहून ठेवायचं की यंत्राला त्यावरून अनुमान काढता यावं. यंत्राला समजून घेणं जमत नाही. जे लिहिलं तेच त्याचं जग. वर्षालीकडे इथल्या बोलीतले शब्द गोळा करून त्यांच्या व्याख्या तपासायचं काम आलं. तपासून झालं की प्रत्येक व्याख्येखाली 'स्थानिक पडताळणी' म्हणून तिची सही.

कामाच्या प्रमुख होत्या मोहिनी मॅडम. पुण्याच्या, हुशार, मोजकं बोलणाऱ्या. वर्षालीचं आणि त्यांचं पहिलं भांडण तरोट्यावरून झालं. कुणा तज्ज्ञानं तरोटा सरळ 'तण' या वर्गात टाकला होता आणि तणाच्या पुढे यंत्राचा सल्ला ठरलेला, फवारणी करा.

"मॅडम, पावसाळ्यात आमच्या घरी याची भाजी असते," वर्षाली म्हणाली. "तुमचं ॲप आमच्या भाजीवर औषध मारायला सांगते."

मोहिनी मॅडमना याचा राग आला नाही, उलट त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी कागदावर दोन रकाने काढले. म्हणाल्या, "आमच्या शास्त्रात 'प्रकार' आणि 'भूमिका' वेगळे धरतात. तरोटा वनस्पती आहे, हा त्याचा प्रकार. तो कुठेही गेला तरी वनस्पतीच राहणार. तण ही भूमिका. पिकात नको तिथे उगवला तर तण, ताटात आला तर भाजी. भूमिका ही नात्यावर आणि कामावर ठरते." त्यांनी त्याच दिवशी तरोटा, चिवळ, केना अशा सगळ्या रानभाज्यांच्या नोंदी बदलून घेतल्या. वर्षाली त्या संध्याकाळी माझ्याकडे आली ती नाचतच. म्हणाली, "अगं, हे तर आपल्या ढगे सरांचंच चाललंय, फक्त कॉम्प्युटरवर!"

चार-पाच महिने तिनं असं काम केलं की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. मग माणसांच्या नोंदी आल्या.

'शेतकरी' या शब्दापुढे लिहिलं होतं: ज्या व्यक्तीच्या नावे सातबाऱ्यावर शेतजमीन आहे, ती व्यक्ती. त्याखाली 'शेतीमदतनीस': शेतकऱ्याच्या कुटुंबातील, शेतीकामात साहाय्य करणारी व्यक्ती. व्याख्या चालते का हे बघायला एक खरं कुटुंब भरून पाहायचं होतं. वर्षालीनं आपलंच भरलं.

तिचे वडील आनंदराव ट्रक चालवतात. हिंगणघाटहून कापसाच्या गाठी घेऊन जातात, महिन्यातून दोनदा घरी येतात. सातबारा त्यांच्या नावावर. यंत्र म्हणालं: आनंदराव मडावी, शेतकरी. तिची आई रामबाई वीस वर्षांपासून एकटी वावर कसते. कोणत्या तासात, म्हणजे ओळीत, पऱ्हाटी म्हणजे कापूस घ्यायचा, तूर कुठं, वखर कधी, बी कोणतं, सगळं तिचं. यंत्र म्हणालं: रामबाई मडावी, शेतीमदतनीस. सल्ल्याचा संदेश कोणाच्या फोनवर जाणार? आनंदरावांच्या. म्हणजे पऱ्हाटीवर बोंडअळी आली की हैदराबादच्या रस्त्यावर ट्रकमध्ये फोन वाजणार.

वर्षाली कागद घेऊन मोहिनी मॅडमकडे गेली. तिथं कार्यालयाचा समन्वयक धीरज पण बसलेला होता. तो अल्लीपूरचा, कामाला वाघ, वादाला भ्यायचा.

"ही व्याख्या चुकीची आहे," वर्षाली म्हणाली.

"मला ठाऊक आहे ती अपुरी आहे," मोहिनी मॅडम म्हणाल्या. "पण सातबारा सगळीकडे सारखा असतो. कोण किती राबतं हे यंत्र कसं तपासणार?"

"तपासता येत नाही म्हणून ते नाहीच, असं होतं का? तुम्हीच शिकवलं ना, भूमिका कामावर ठरते. तरोट्याला जो न्याय दिला तो माझ्या आईला द्या."

"वर्षाली, आपण समाज बदलायला बसलो नाही. जे आहे त्याचं वर्णन करतोय."

"जे आहे त्याचंच करा मग! माझी आई वावरात आहे. माझे बाबा ट्रकात आहेत. हे 'आहे' की नाही?" तिचा आवाज चढला होता. "आणि मॅडम, आमच्याकडे शेतकरी कोणी म्हणत नाही. कास्तकार म्हणतात. काश्त म्हणजे पेरणी, लागवड. ती करणारा तो कास्तकार. शब्दातच काम आहे. कागद कुठं आहे त्यात?"

मोहिनी मॅडम म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात चाचणी आहे. आता बदललं तर शंभर नोंदी हलतील. यावेळी सही कर. पुढच्या आवृत्तीत बघू."

"मी सही करणार नाही."

धीरजनं मध्येच समजावून पाहिलं. "अवो वर्षालीताई, आठशे शब्दातला एक शब्द हाये. टाका ना करून."

"आठशेमधला एक असो, सही तर माहीच ना?"

त्या महिन्याच्या शेवटी तिचं कंत्राट संपत होतं. ते पुढे वाढवलं गेलं नाही. कुणी तिला वाईट बोललं नाही. फक्त तिच्या टेबलावर दुसऱ्याचा डबा दिसायला लागला. व्याख्येखाली धीरजची सही झाली.

आम्ही दोघी ढगे सरांकडे गेलो. सर निवृत्त झाले होते, गुडघे दुखायचे. सगळं ऐकून ते म्हणाले, "पोरी, सॉक्रेटिसाचं शेवटी काय झालं ते परीक्षेत लिहिलं होतंस ना? अथेन्समध्येही लोकांना प्रश्न आवडत नव्हते. तडजोड करून आत राहिली असतीस तर हळूहळू बदलता आलं असतं."

"सर, परीक्षा झाली म्हणून सोडून द्यायचं का?" वर्षाली म्हणाली. "मार्कं देताना तर तुम्ही असं म्हणाला नव्हतात."

सर रागावतील असं मला वाटलं. पण ते उठले, गुडघा धरून आत गेले, आणि चहा घेऊन आले. 

वर्षाली आंजीला गेली. आईला हे कसं सांगायचं याचा तिनं एस.टी.त बराच विचार केला होता. पण रामबाई अंगणात तूर पाखडत होती आणि तिनं सरळच विचारलं, "नवकरी गेली का वो?"

वर्षालीनं सगळं सांगितलं. रामबाई आधी हसली. मग सूप खाली ठेवलं.

"मदतनीस? कोणाची मदतनीस म्हंते ते? तुह्या बापाची? त्याले तर आपलं वावर कोणत्या धुऱ्यापर्यंत हाये तेबी सांगावं लागते!"

त्या आठवड्यात रामबाई घरोघर गेली. बहिणीशी ती गोंडीत बोलली, बाकीच्या बायांशी वऱ्हाडीत. प्रत्येकीला तिनं एवढंच सांगितलं, की फोनवाले आले म्हंजे ग्रामपंचायतीत येजो, आन नाव लिवून देण्याआंधी आपल्याले कोण म्हणून लिवून राह्यले ते इचारजो.

चाचणी आंजीतच ठरली होती. शनिवार होता, मला शाळेला सुट्टी, म्हणून मीही गेले. दुपारी ग्रामपंचायतीच्या खोलीत धीरज टॅबलेट आणि नावांचं रजिस्टर घेऊन बसला होता. पुरुष थोडेच होते. बाया मात्र चाळीसेक असतील, काही खुरपं कमरेला खोचूनच आलेल्या. आनंदराव त्या दिवशी घरी होते. ते दाराशी उभे राहिले. वर्षाली मागे भिंतीला टेकून बसली. तिनं मला आधीच सांगितलं होतं, "मी तोंड उघडणार नाही. नाहीतर म्हणतील, नोकरी गेली म्हणून पोरगी भडकवते."

धीरजनं पहिलं नाव घेतलं. "रामबाई आनंदराव मडावी. शेतीमदतनीस. बराबर?"

"नाई," रामबाई म्हणाली. "कास्तकार."

"काकू, कास्तकार म्हंजे तुमचे मालक. सातबारा त्यायच्या नावानं हाये."

"बरं. मंग मले सांग बापा, कास्तकार कोणाले म्हणता?"

"ज्याच्या नावानं जमीन हाये त्याले."

"त्या पाटलाचा पोरगा अमेरिकेत हाये. त्याच्या नावानं इथं वावर हाये. तो कास्तकार?"

धीरज अडखळला. "कागदावर तसंच म्हणा लागंन."

"त्याले तुहा फोन आला, का पऱ्हाटीवर अळी हाये, तं तो का करंन तठी बसून?"

बाया हसल्या. धीरजही कसनुसा हसला. "तो इथल्या मानसाले सांगंन."

"मंग इथला मानूस कास्तकार झाला ना?"

"तसं नाई काकू... जो शेती करते तो, आन ज्याच्या नावानं हाये तोबी."

"म्हंजे दोन झाले. आता एक नाव नाई राह्यलं." रामबाईनं दोन बोटं वर केली. "आन ज्याची जमीन नाई, ठेक्यानं करते, तो?"

धीरजनं टॅबलेटकडे पाहिलं. जसं काही उत्तर तिथून येणार होतं. तेवढ्यात दारातून आनंदराव बोलले. खोलीत सगळे त्यांच्याकडे वळले, कारण हा माणूस सभेत कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"साहेब, माहं नाव काढा तुमी. मी डायव्हर हावो. गाडीचं का इचाराचं ते मले इचारा. वावराचं हिले इचारा."

रामबाईनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा धीरजकडे वळली. आता तिचा आवाज मऊ झाला होता.

"तू अल्लीपूरचा ना रे? तुही माय का करते?"

"शेती करते," धीरज म्हणाला. पटकन, विचार न करता.

खोलीत कुणीच हसलं नाही. धीरजचे कान लाल झाले. त्यानं टॅबलेट बंद करून पिशवीत टाकला.

बायांनी मात्र विषय तिथंच सोडला नाही. एकीनं सांगितलं, 'मदतनीस' म्हणून आपला नंबर कोणी देणार नाही, आणि नवऱ्याचाही देणार नाही. दुसरीनं रजिस्टर ओढून घेतलं, आपल्या नावापुढचा शब्द खोडला आणि स्वतःच्या अक्षरात 'कास्तकार' लिहिलं. मग ते रजिस्टर हातोहात फिरलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी शेजारणीकडून लिहून घेतलं आणि अंगठा लावला. चाचणीसाठी आंजीतून एकही नोंद यंत्रात गेली नाही.

धीरजनं बाहेर येऊन मोहिनी मॅडमना फोन केला. मी जवळच उभी होते. तो म्हणाला, "मॅडम, ती सही माझी आहे. ती मी परत घेतो. तुम्ही इथं या."

आठ दिवसांनी त्या आल्या. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. रामबाईबरोबर वावरात गेल्या, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून लॅपटॉप उघडला आणि वर्षालीला म्हणाल्या, "सांग, काय लिहायचं?"

दोन तास भांडण चाललं. जमीन ज्याच्या नावे तो 'जमीनधारक', ही वेगळी नोंद करायची, हे लवकर ठरलं. 'शेतकरी' ही भूमिका, ती काम करून अंगी येते, हेही ठरलं. मोहिनी मॅडमनी टंकलं: जी व्यक्ती जमीन कसण्याचे निर्णय घेते आणि ती कसते. वर्षालीला ते पटलं. तिनं ते आईला वाचून दाखवलं.

"निर्णय कायले पायजे?" रामबाई म्हणाली. "बाबारावची बायको दिवसभर वावरात राबते. निर्णय तो घेते, पारावर बसून. तुमच्या लिवण्यानं ते आणखीन बाहेर गेली ना."

 'निर्णय' खोडलं गेलं. राहिलं ते इतकंच: जी व्यक्ती जमीन कसते. नोंदीत 'कास्तकार' हा शब्दही आला, पर्यायी म्हणून नाही, 'शेतकरी'च्या आधी.

वर्षालीला परत बोलावलं. तिनं दोन अटी लिहून दिल्या. माणसांबद्दलची प्रत्येक व्याख्या कायम करण्याआधी ती त्या माणसांसमोर मोठ्यानं वाचायची. आणि ज्याला सही करायची नाही त्याचा नकार, कारणासकट, नोंदीतच राहील. मोहिनी मॅडमनी पहिल्या अटीपुढे 'शक्य असेल तेथे' असं लिहिलं. वर्षालीनं ते शब्द त्यांच्यासमोर पेनानं खोडले आणि कागद पुढे सरकवला. मॅडमनी सही केली.

सगळं जिंकलं असं मात्र नाही. ॲपचा संदेश आता रामबाईच्या फोनवर येतो. पण हीच यादी ज्या संस्थांना वापरायला दिली त्यांतल्या एका ठिकाणी 'जमीनधारक' आणि 'शेतकरी' पुन्हा एकच करून टाकले, अर्ज सोपा व्हावा म्हणून. वर्षालीनं हरकत पाठवली. उत्तर आलं नाही. तिनं दुसरी पाठवली. आतापर्यंत सात झाल्या असाव्यात. ढगे सर प्रत्येक हरकतीचं शुद्धलेखन तपासून देतात.

गेल्या आठवड्यात ती अल्लीपूरला होती. यादीत आता 'कापूस वेचणी' आली आहे, आणि तिच्यापुढे कुणी तरी लिहिलं आहे 'अकुशल काम'. धीरजच्या आईनंच बायका आपल्या वावरात गोळा केल्या होत्या. मीही सोबत होते. एक म्हातारी बोंडातून कापूस कसा उचलायचा की पातीचा कचरा येत नाही, बोटं कुठं ठेवायची, ओलं बोंड हाताला कसं कळतं, हे दाखवत होती. बाकीच्या तिच्या चुका काढत होत्या. इतक्यात मोहिनी मॅडमचा फोन आला. व्याख्या आजच हवी आहे, त्या म्हणाल्या, एका ओळीत सांग.

"एका ओळीत नाही होत मॅडम," वर्षाली म्हणाली. "थांबा. बाया बोलून राह्यल्या. तुमीच ऐका."

तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि पऱ्हाटीच्या तासात, बायांच्या मधोमध, वेचलेल्या कापसाच्या ढिगावर ठेवून दिला.